रायफायझन : दानाकडून सहकाराकडे

शेतकऱ्याला कर्जमुक्त करण्याच्या घोषणा होतात, कर्जे माफही होतात. परंतु पुढल्या पेरणीला तोच शेतकरी पुन्हा सावकाराच्या ओटीवर बसलेला दिसतो. दारिद्र्य केवळ पैशाच्या अभावाने टिकत नाही, पत नसल्यामुळे ते टिकते. हे सत्य ज्या माणसाला पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या अपयशातून उमगले, त्या फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन यांचे चरित्र म्हणूनच आजही मननीय आहे.

रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जर्मनीतील हाम या खेड्यात झाला. हा वेस्टरवाल्डचा प्रदेश डोंगराळ, थंड आणि नापीक. नऊ भावंडांत ते सातवे. वडिलांचे छत्र लवकरच दुबळे झाले आणि शाळेपुढचे शिक्षण परवडेना. गावच्या धर्मोपदेशकाने जे शिकविले तेवढीच त्यांची विद्या. सतराव्या वर्षी ते तोफखान्यात दाखल झाले. पण डोळ्यांच्या विकाराने १८४३ मध्ये लष्कर सोडावे लागले. मुलकी नोकरीत शिरून १८४५ मध्ये ते वायरबुश परिसरातील खेड्यांचे प्रशासक झाले.

दुसऱ्याच वर्षी पीक बुडाले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात धान्याचे भाव कडाडले आणि बटाट्यावर जगणारी कुटुंबे उपाशी पडू लागली. सरकारी कोठारातून पीठ मिळाले, पण ते रोखीने विकावे अशी अट होती. ज्याच्याजवळ रोकड आहे त्याला दुष्काळ कसला! रायफायझन यांनी गावातील सधन मंडळींना एकत्र करून निधी उभारला, सामायिक भट्टी बांधली आणि गरजूंना उधारीवर स्वस्त पाव दिला. पुढे याच निधीतून बियाणे पुरविले. याच सुमारास त्यांनी शाळेची इमारत उभारली आणि ऱ्हाइन नदीकाठच्या बाजारपेठेकडे जाणारा रस्ता करविला. माल बाहेर जाऊ शकला नाही तर पिकवूनही उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तेथे भूक नव्हे, तर कर्ज हा शत्रू होता. शेतकरी व्यापाऱ्याकडून उधारीने गाय घेई, हप्ता चुकला की गाय जाई आणि कर्ज मात्र उरे. १८४९ मध्ये सुमारे साठ सधन नागरिकांनी आपली मालमत्ता तारण ठेवून मदत संस्था काढली. संस्था जनावरे खरेदी करी आणि शेतकऱ्याने त्यांची किंमत पाच वर्षांत फेडावी अशी सवलत देई. सावकाराच्या व्यवहारावर टीका करताना रायफायझन यांच्या लेखणीतून ज्यू व्यापाऱ्यांविषयीचे त्या काळचे पूर्वग्रहही उमटले. त्यांच्या थोरवीबरोबर हा डागही नोंदविला पाहिजे.

१८५२ मध्ये ते हेडेसडॉर्फला आले आणि १८५४ मध्ये त्यांनी तेथे धर्मादाय संस्था स्थापन केली. अनाथ मुले, तुरुंगातून सुटलेले कैदी, ग्रंथालय, कर्जपुरवठा असा तिचा व्याप होता. परंतु काही वर्षांतच दात्यांचा उत्साह ओसरला. जोखीम श्रीमंतांची आणि लाभ गरिबांचा, ही व्यवस्था दयेवर उभी होती. दया आटली की ती कोसळणार हे उघड होते. शिवाय घेणाऱ्याला संस्था आपली वाटत नव्हती. मनाने अत्यंत धार्मिक असलेल्या रायफायझन यांना हे कबूल करणे सोपे गेले नाही. तथापि अनुभवापुढे त्यांनी हट्ट धरला नाही. १८६४ मध्ये जुन्या संस्थेच्या जागी पतसंस्था आली. कर्ज हवे असेल तर सभासद व्हा, आणि सभासद झालात की सर्वांच्या देण्याला जबाबदार व्हा, हा तिचा नियम.

या पद्धतीचे अर्थशास्त्र साधे, पण भक्कम होते. एकट्या शेतकऱ्याला पत नव्हती. सर्वांनी अमर्याद जबाबदारी पत्करताच गावाला पत आली. संस्थेचे क्षेत्र एका लहान परिसरापुरते राखल्याने कोण उद्योगी आणि कोण उधळ्या हे सर्वांना ठाऊक असे. आपलेच घर पणाला लागलेले असल्याने कर्जाचा विनियोग कसा होतो यावर शेजाऱ्याचे लक्ष राही. कर्ज उत्पादक कामासाठी आणि पुरेशा मुदतीचे असे. संचालक विनावेतन काम करीत आणि नफा वाटून न घेता राखीव निधीत जाई. शहरी कारागिरांच्या पतपेढ्यांचे प्रवर्तक शुल्झ-डेलिट्श यांना भागभांडवलाविना चालणाऱ्या आणि दीर्घ मुदतीने कर्ज देणाऱ्या या संस्था धोक्याच्या वाटल्या. दोघांच्या अनुयायांत वर्षानुवर्षे वाद चालला.

रायफायझन यांचे खाजगी आयुष्य कष्टाचे होते. १८६३ मध्ये पत्नी वारल्या. दृष्टी इतकी अधू झाली की १८६५ मध्ये नोकरी सोडावी लागली. निर्वाहासाठी त्यांनी सिगारचा कारखाना आणि पुढे मद्याचा व्यापार केला. कन्या अमाली त्यांची लेखनिक झाली. तिच्या साहाय्याने पतसंस्थांवरील त्यांचा ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७२ मध्ये नॉयवीड येथे संस्थांची मध्यवर्ती बँक उभी राहिली. ११ मार्च १८८८ रोजी ते निधन पावले, तेव्हा त्यांच्या संघात चारशेहून अधिक संस्था होत्या.

१८७५ मध्ये सुप्यात आणि दख्खनच्या इतर गावांत शेतकरी सावकारांची खतपत्रे जाळीत होते, त्याच दशकात जर्मन शेतकरी स्वतःची पेढी चालवायला शिकत होता. पुढे मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपीय पेढ्यांचा अभ्यास करून रायफायझन यांच्या मार्गाची शिफारस केली आणि १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे तत्त्वही त्यात आले. परंतु १९५४ च्या ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात सहकारी संस्थांचा वाटा ग्रामीण कर्जाच्या जेमतेम तीन टक्के आढळला. कायदा आला, निबंधक आले, दप्तर आले. शेजाऱ्याची जबाबदारी मात्र कागदावरच राहिली.

पुढील काळात सरकारी भांडवलाने सहकाराचा विस्तार पुष्कळ झाला, ही इष्ट गोष्ट होय. तथापि संस्थेचे कर्ज म्हणजे सरकारचे पैसे, ही भावना जोवर सभासदाच्या मनात आहे, तोवर ती संस्था हेडेसडॉर्फच्या पहिल्या धर्मादाय संस्थेच्याच पायरीवर उभी आहे. ती पायरी ओलांडण्यास रायफायझन यांना दहा वर्षे लागली. आपण ती ओलांडणार की नाही, हे मंत्रालयात ठरणार नाही. ते गावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरेल.