काशीनाथ त्र्यंबक तेलंग

काशीनाथ त्र्यंबक तेलंग (ऑगस्ट १८५० - १ सप्टेंबर १८९३) हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, संस्कृत पंडित आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते. हिंदू कायद्याचा अर्थ मूळ धर्मशास्त्रग्रंथ आणि समाजातील प्रत्यक्ष रूढी या दोहोंच्या आधारे लावणारे विधिज्ञ म्हणून ते ओळखले जातात.

शिक्षण आणि वकिली

तेलंगांचा जन्म मुंबईत एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये नारायण महादेव परमानंद हे त्यांचे शिक्षक होते. पुढे दोघांत निकटचा स्नेह जडला. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम.ए. आणि त्यानंतर एलएल.बी. झाल्यावर १८७२ मध्ये ते उच्च न्यायालयाचे अ‍ॅडव्होकेट झाले. स्मृतिग्रंथ मुळातून वाचता येत असल्याने हिंदू कायद्याच्या खटल्यांत युरोपीय वकिलांच्या तुलनेत त्यांची बाजू भक्कम असे.

संशोधन व लेखन

रामायणावर होमरच्या काव्याचा प्रभाव आहे, हे जर्मन पंडित वेबर यांचे मत त्यांनी १८७३ मध्ये खोडून काढले. मॅक्स म्यूलर यांनी संपादित केलेल्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी भर्तृहरीची शतके व 'मुद्राराक्षस' यांच्या आवृत्त्या संपादित केल्या आणि लेसिंगच्या 'नॅथन' या नाटकाचे मराठी भाषांतर केले. मराठ्यांच्या बखरींवरील त्यांचा निबंध न्यायमूर्ती रानडे यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथाला जोडलेला आहे.

सार्वजनिक कार्य

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. १८८३ मध्ये त्यांनी इल्बर्ट विधेयकाचे समर्थन केले. १८८४ मध्ये मुंबई कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमवेत त्यांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात त्यांचा प्रमुख सहभाग होता.

न्यायाधीशपद

१८८९ मध्ये नानाभाई हरिदास यांच्यानंतर तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 'आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी' या दाव्यात पूर्णपीठापुढे असा प्रश्न होता की, वडील स्वतःच्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असताना मुलाला त्यांच्या संमतीविना वाटणी मागता येते काय. बहुमताने हा अधिकार नाकारला. तेलंगांनी मिताक्षरेच्या आधारे मुलाच्या बाजूने भिन्नमतपत्रिका लिहिली. इंग्रजी न्यायालयांच्या निवाड्यांमुळे हिंदू कायदा गोठून जाऊ नये, बदलत्या समाजाबरोबर त्याची वाढ होत राहावी, अशी त्यांची दृष्टी होती. १८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

सामाजिक सुधारणा आणि टीका

बालपणी झालेला विवाह मान्य नसलेल्या रखमाबाईंवर पतीने वैवाहिक हक्कांचा दावा लावला, तेव्हा १८८५ मध्ये त्यांच्या वकिलांत तेलंग होते. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो दावा फेटाळला; अपिलानंतर मात्र १८८७ मध्ये निकाल रखमाबाईंच्या विरुद्ध गेला. सामाजिक सुधारणा पूर्ण झाल्याशिवाय राजकीय हक्क मागू नयेत, हे मत तेलंगांना मान्य नव्हते. जेथे विरोध कमी तेथून पुढे जावे, असे त्यांनी १८८६ च्या व्याख्यानात मांडले. विवाहित मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला.

असे असूनही आयुष्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या मुलीचा विवाह तिच्या बालवयातच केला. न्यायालयात बालविवाहाच्या परिणामांविरुद्ध उभे राहिलेल्या विधिज्ञाने घरात कौटुंबिक रूढीपुढे मान तुकवली, यामुळे सुधारकांत तीव्र नाराजी पसरली आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली. सुधारणेचा पुरस्कार आणि कुटुंबातील आचरण यांमधील अंतराचे उदाहरण म्हणून या घटनेचा उल्लेख होतो.

मृत्यू

१ सप्टेंबर १८९३ रोजी मुंबईत तेलंगांचे निधन झाले. तेव्हा ते अवघ्या ४३ वर्षांचे होते आणि न्यायाधीशपदी त्यांना जेमतेम चार वर्षे मिळाली होती. त्यांच्या रिक्त जागी महादेव गोविंद रानडे यांची नियुक्ती झाली.