इंदूरच्या नाल्यांकाठी सर पॅट्रिक गेडिस

माळव्यात आषाढसरी कोसळू लागल्या, की वाड्यापुढचे पाणी जाते कुठे, हा प्रश्न देवास-धारच्या जुन्या घरांना दरसाल पडतो. शेजारच्या इंदुरात हाच प्रश्न घेऊन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक दाढीवाले स्कॉटिश पंडित गल्लोगल्ली हिंडले. ते म्हणजे पॅट्रिक गेडिस.

त्यांचा जन्म १८५४ चा, बॅलटर गावचा. शास्त्र वनस्पतींचे, डंडी येथे ते त्याचे प्राध्यापकही झाले. एडिंबरोच्या कोंदट जुन्या वस्तीत ते सहकुटुंब राहावयास गेले आणि तेथील घरे पाडण्याऐवजी डागडुजीने राहती केली. झाडासारखीच शहराचीही निगा राखावी, हा धडा त्यांनी तेथे गिरविला. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना-प्रदर्शनाचे सारे साहित्य जर्मन एमडेन नौकेने समुद्रात बुडविले. त्यांनी ते पुन्हा उभे केले.

१९१७ साल मात्र घाताचे ठरले. थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला. पत्नी ॲना इकडे विषमज्वराने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना ही वार्ता कळू न देता गेडिस मुलाची जुनी पत्रे वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये त्याही गेल्या.

हे दुःख उरी घेऊन त्यांनी तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी इंदूरचे काम केले. भूमिगत गटारांची खर्चिक योजना पुढे आली होती. माळव्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. त्या लोंढ्याला पुरेल एवढे गटार बांधावे, तर उरलेले आठ महिने त्यात मंद धार वाहते, गाळ साचतो आणि पुढच्या पावसात ते तुंबते. गेडिस यांनी त्या योजनेस विरोध केला. घाण नळांवाटे दूर लोटण्यापेक्षा बागांच्या मातीत जिरवावी, नदीकाठ स्वच्छ राखावेत आणि वाचलेला पैसा घरांकडे वळवावा, असे त्यांनी १९१८ च्या दोन भागांच्या अहवालात मांडले.

प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूकही काढविली. जो रस्ता अधिक स्वच्छ, तेथून ती जाणार, अशी अट होती. शेकडो गाड्या कचरा निघाला. सफाई कामगार पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडूंसह मानाने चालले. शेवटी प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला गेला.

१९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत होते. आपले गोविंद सदाशिव घुर्ये यांना विलायतेस पाठविण्यासाठी निवडले ते त्यांनीच. १९३२ साली त्यांना 'सर' किताब मिळाला आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

इंदुरात पुढे भूमिगत गटारे झालीच. खान नदी क्षिप्रेला मिळते, म्हणून शहराने लोटलेली घाण उज्जैनपर्यंत पोचू लागली. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खानचे पाणी तेथील घाट चुकवून पुढे नेण्यासाठी मोठे नळ घालावे लागले.