धुळीच्या मुलखाचा शाहीर : वुडी गथ्री

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरच्या जुन्या फियाट मोटारीस आम्ही निरोप दिला. ती आमच्या तीर्थरूपांनी 1989 साली घेतली होती. तिच्यातूनच आम्ही शाळेत गेलो. आमच्या विवाहाच्या दिवशी ती फुलांनी सजून उपासनामंदिराच्या दारी उभी राहिली. आणि तीर्थरूपांना शेवटच्या आजारात इस्पितळात नेण्याचे कामही तिनेच केले. परंतु अलीकडे तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, धक्का मारल्यावाचून ती चालू होईना, आणि अखेर भंगारवाल्यास बोलवावे लागले. तो आला आणि गाडी नेण्यापूर्वी तिच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक जेथे होता तेवढाच पत्र्याचा तुकडा त्याने कापून आमच्या हाती दिला. परिवहन कार्यालयात हा तुकडा दाखवून नोंद रद्द करून घ्यावी लागते, असे त्याने समजावून सांगितले. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा आमची धाकटी कन्या डोळे पुसत एक इंग्रजी बालगीत गुणगुणत होती. मोटारीचा घरघराट आणि भोंगा यांची नक्कल करीत म्हणावयाचे ते गीत आम्हीच तिला त्या गाडीच्या मागल्या बाकावर शिकविले होते. ते रचणाऱ्या कवीचे नाव वुडी गथ्री. त्या सायंकाळी त्याच्या चरित्राची आम्हांस फार आठवण झाली. आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस ते थोडक्यात सांगावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

वुडी गथ्रीचा जन्म 14 जुलै 1912 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा संस्थानात ओकीमा नावाच्या लहानशा गावी झाला. त्या वर्षी वुड्रो विल्सन हे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. वडील चार्ली गथ्री यांस राजकारणाची आवड. त्यांनी मुलाचे नाव वुड्रो विल्सन असेच ठेविले, आणि त्याचेच पुढे घरगुती वुडी झाले. वडील जमिनींच्या खरेदीविक्रीचा व्यवहार करीत. आई नोरा ही घरकाम करता करता जुनी लोकगीते गात असे. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतून जसे मुलाच्या कानावर पहिले काव्य पडते, तसेच वुडीचेही झाले. गाण्याची त्याची पहिली शाळा म्हणजे आईचे स्वयंपाकघर होय.

परंतु या घरावर एकामागून एक संकटे कोसळली. 1919 साली वडील बहीण क्लारा भाजून मरण पावली. वडिलांचा व्यवहार बुडाला. आईच्या वागण्यात हळूहळू विचित्र पालट होऊ लागला; हातपाय आवरेनात, मन थाऱ्यावर राहीना. शेजाऱ्यांनी तिला वेडी ठरविले. 1927 साली वडीलही भाजून जबर जखमी झाले आणि त्याच वर्षी आईची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. तेथेच 1930 साली तिचा अंत झाला. तिला हंटिंग्टनचा रोग होता. मज्जातंतूंचा ऱ्हास करणारा हा रोग आनुवंशिक असून, आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. आईच्या माघारी मुलाच्या रक्तातही तो दबा धरून बसला आहे, हे त्या वेळी कोणास ठाऊक असणार?

1929 साली वुडी वडिलांच्या मागोमाग टेक्सास संस्थानातील पॅम्पा या गावी गेला. शाळा त्याने पुरी केली नाही. परंतु गावच्या सार्वजनिक वाचनालयात तो तासन् तास वाचीत बसे. जेफ नावाच्या चुलत्याने त्यास गिटार वाजविण्यास शिकविले. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या रंगवी. 1933 साली मेरी जेनिंग्ज हिच्याशी त्याचा विवाह झाला.

याच सुमारास त्या मुलखावर धुळीचे अरिष्ट आले. ते केवळ दैवी नव्हते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या विस्तीर्ण माळावर पिढ्यान्पिढ्या दाट गवत होते, आणि त्याच्या मुळांनी माती धरून ठेविली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, तेव्हा लोकांनी हावेने तो माळ नांगरून काढिला. पुढे भाव कोसळले, 1930 नंतर अवर्षण पडले, आणि उघडी पडलेली कोरडी माती वारा उचलून नेऊ लागला. 14 एप्रिल 1935 रोजी, रविवारी, काळ्या भिंतीसारखे एक प्रचंड वादळ आले. भर दिवसा अंधार झाला. पॅम्पा गावातील कित्येकांस जगाचा अंत आला असे वाटले आणि ते एकमेकांचा निरोप घेऊ लागले. वुडीने त्यावर निरोपाचेच एक गीत रचिले. त्यात भय आहे, तशी विनोदाची झाकही आहे. संकटात हसू शकणारा मनुष्य अर्धे संकट जिंकतो, हे त्याच्या गीतांचे रहस्य होय.

शेती बुडाली, कर्जे फिटेनात. लक्षावधी माणसे घरदार सोडून पश्चिमेस कॅलिफोर्नियाच्या वाटेस लागली. त्यांचे वाहन म्हणजे जुनी, खिळखिळी मोटार. टपावर गाद्या बांधलेल्या, पायदानावर भांडी लटकत असलेली, आत मुलेबाळे दाटीने बसलेली अशा मोटारींची रीघ 66 क्रमांकाच्या हमरस्त्यावर लागली होती. गाडी बंद पडली की कुटुंब वाटेतच अडकून पडे. या लोकांस तेथे चांगला आश्रय मिळाला असेही नाही. 1936 साली लॉस एंजलिस शहराच्या पोलिसांनी संस्थानाच्या सरहद्दीवर जाऊन निष्कांचन लोकांस मागे परतविले. वुडीही 1937 साली याच वाटेने गेला. कधी कोणाच्या मोटारीत जागा मागून, कधी मालगाडीच्या डब्यात बसून, कधी पायी.

लॉस एंजलिस येथे नभोवाणीवर गाण्याचे काम त्यास मिळाले. परमुलखात हिणविले जाणारे त्याचे देशबांधव त्याची गाणी ऐकून सुखावत. येथील एक प्रसंग विशेष सांगण्याजोगा आहे. त्या काळच्या रूढीप्रमाणे वुडीने एकदा कृष्णवर्णीय लोकांचा अवमान करणारा शब्द सहज उच्चारला. एका कृष्णवर्णीय श्रोत्याने त्यास पत्र लिहून आपले दुःख कळविले. वुडीने ते पत्र लपविले नाही. नभोवाणीवरून क्षमा मागितली आणि तो शब्द पुन्हा वापरावयाचा नाही असे ठरविले. पुढील आयुष्यात तो वर्णभेदाचा कट्टर विरोधक झाला. चूक दाखविणाऱ्यावर न रागावता चूकच टाकून देणे हे सामान्य मनुष्याचे काम नव्हे.

1940 साली तो न्यूयॉर्कला गेला. त्या दिवसांत अमेरिकेची थोरवी गाणारे एक गीत नभोवाणीवर सारखे लागत असे. भुकेली माणसे पाहून आलेल्या वुडीस ते अपुरे वाटले, आणि त्याने 23 फेब्रुवारी रोजी स्वतःचे गीत लिहिले. ही भूमी तुमची आमची, सर्वांचीच आहे, अशा आशयाचे ते गीत आज अमेरिकेतील शाळाशाळांतून म्हटले जाते. खासगी मालकीच्या पाट्या आणि मदतीसाठी रांगेत उभी असलेली माणसे यांविषयीची कडवी मात्र पुष्कळ वेळा गाळली जात. 18 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या शपथविधीनिमित्त लिंकन स्मारकापुढे समारंभ झाला. तेथे वुडीचे जुने मित्र, वृद्ध गायक पीट सीगर, यांनी ती कडवी अगत्याने म्हटली. 1940 सालीच अ‍ॅलन लोमॅक्स यांनी काँग्रेस ग्रंथालयासाठी वुडीची गीते व आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेविल्या, आणि त्याच्या धुळीच्या गीतांच्या तबकड्या निघाल्या.

आता पैसा मिळू लागला होता. एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या नभोवाणी कार्यक्रमात त्यास चांगले वेतन होते. त्याने हप्त्यांवर नवी मोटारही घेतली. परंतु दुसऱ्याच्या मर्जीप्रमाणे गाणे त्यास मानवेना. 1941 च्या आरंभी त्याने ते काम सोडले आणि बायकामुलांसह मोटारीतून पुन्हा पश्चिमेची वाट धरली. त्या वर्षी मे महिन्यात कोलंबिया नदीवरील धरणांच्या वीज खात्याने त्यास एका महिन्यापुरते कामावर घेतले. वेतन 266 डॉलर 66 सेंट. या एका महिन्यात त्याने 26 गीते रचिली! सरकारी मोटारीतून नदीकाठ पाहत तो हिंडे, कारण त्याची स्वतःची मोटार हप्ते थकल्यामुळे सावकारांनी पोर्टलंड येथे परत नेली होती. महिना संपला तेव्हा तो लोकांच्या गाड्यांत जागा मागत न्यूयॉर्कला परतला. मोटार गेली, गीते राहिली. त्या गीतांत त्याने विजेचा दिवा शेतकऱ्याच्या घरी जाईल या आशेचे गुणगान केले आहे. मात्र त्याच धरणांनी नदीकाठच्या मूळ रहिवाशांची मासेमारीची पुरातन स्थळे बुडविली, हेही आज आपणांस सांगितले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात तो व्यापारी जहाजांवर चाकरीस राहिला. त्याच्या जहाजांस दोनदा स्फोटाचा तडाखा बसला, पण तो बचावला. हुकूमशाहीचा नाश करणारे हे यंत्र आहे, अशा अर्थाची अक्षरे त्याने आपल्या गिटारवर लिहिली होती. 1943 साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पहिला विवाह मोडून 1945 साली त्याने मार्जोरी मेझिया या नर्तकीशी विवाह केला. येथे हेही नमूद केले पाहिजे की, पहिल्या पत्नीस व मुलांस त्याने वारंवार वाऱ्यावर सोडिले होते. परक्यांच्या दुःखाने कळवळणारा हा मनुष्य स्वतःच्या घरी उणा पडला. चरित्र लिहिणाराने गुणांबरोबर दोषही सांगावा. नाहीतर ते चरित्र नव्हे, स्तोत्र होईल.

मार्जोरीपासून झालेली कॅथी ही त्याची फार लाडकी कन्या. तिच्यासाठी व तिच्याबरोबर खेळता खेळता त्याने पुष्कळ बालगीते रचिली. आरंभी सांगितलेले मोटारीचे गीत त्याच्या बालगीतांपैकीच एक. परंतु फेब्रुवारी 1947 मध्ये, चार वर्षांची झालेली ही मुलगी घरात लागलेल्या आगीत भाजून गेली. बहीण, वडील आणि आता कन्या! तीन वेळा अग्नीने त्याच्या घरावर घाला घातला. तरी मुलांना हसविणारी ती गीते त्याने मागे घेतली नाहीत.

28 जानेवारी 1948 रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस दरीत एक विमान कोसळून 32 माणसे ठार झाली. त्यांपैकी 28 जण मेक्सिकन शेतमजूर असून त्यांस सरकार मायदेशी परत पाठवीत होते. विमानातील अधिकाऱ्यांची नावे वृत्तपत्रांनी छापिली. मजुरांचा उल्लेख मात्र केवळ परत पाठविलेले लोक एवढाच झाला. आपली फळे ज्यांनी तोडली त्यांस नावही नसावे काय, या दुःखातून वुडीने एक काव्य लिहिले. त्यास चाल नंतर मार्टिन हॉफमन याने लाविली. त्या मजुरांस फ्रेस्नो येथील दफनभूमीत एकत्र पुरिले होते. 2013 साली तेथे नवा शिलालेख बसविण्यात आला व त्यावर सर्वांची नावे कोरण्यात आली. म्हणजे 65 वर्षांनी का होईना, त्या काव्याचे मागणे पुरे झाले.

याच वेळी आईचा रोग मुलाच्या अंगी प्रकट होऊ लागला होता. प्रथम लोकांस तो मद्यपी वाटला. 1952 साली रोगाचे निदान झाले. पुढे हात गिटार धरीनात, वाचा जाऊ लागली. आयुष्याची शेवटची वर्षे निरनिराळ्या इस्पितळांत गेली. काडीमोड झाली असताही मार्जोरीने त्याची शुश्रूषा केली. 1961 साली बॉब डिलन नावाचा एकोणीस वर्षांचा अप्रसिद्ध तरुण त्यास भेटावयास आला व त्याचीच गाणी त्यास गाऊन दाखवू लागला. 3 ऑक्टोबर 1967 रोजी वुडीचे देहावसान झाले. मार्जोरीने त्याच वर्षी या रोगाविरुद्ध झटणारी संस्था काढिली, आणि 1993 साली शास्त्रज्ञांस रोगाचे आनुवंशिक मूळ सापडले. वुडीने सुमारे तीन हजार गीते मागे ठेविली. टल्सा शहरात 2013 पासून त्याचे स्मृतिमंदिर आहे.

असो. सुटी संपण्यापूर्वी आम्ही तो पत्र्याचा तुकडा घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. कारकुनाने क्रमांक ताडून पाहिला, जुन्या नोंदीवर रेघ मारली, आणि आमचे काम झाले. बाहेर पडताना एक विचार मनात आला व त्याने आम्हांस लाज आणिली. मोडक्या मोटारीचा देखील क्रमांक कापून, जपून, सरकारदरबारी दाखविल्यावाचून तिची नोंद पुसली जात नाही. आणि जिवंत माणसे मात्र आपल्या दारावरून नावावाचून निघून जातात. भर उन्हात तासभर खपून ज्याने तो तुकडा आमच्या हाती दिला, त्या भंगारवाल्याचे नाव आम्ही विचारले नव्हते. आम्ही तसेच त्याच्या दुकानी गेलो आणि नाव विचारले. त्यास प्रथम काही तक्रार असावी असे वाटले. मग तो हसला आणि नाव सांगून त्याने आम्हांस चहा पाजला. ते नाव येथे छापण्याचे कारण नाही. आमच्या ध्यानात ते राहिले, म्हणजे झाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वर्गात दूरगावाहून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले बसतात. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीस निघणारी माणसे तुम्ही रस्त्यावर पाहिली असतील. शाळेची घंटा देणारा, अंगण झाडणारी बाई, बस चालविणारा, यांची पुरी नावे तुम्हांपैकी किती जणांस ठाऊक आहेत? पुढील सत्राच्या पहिल्या दिवशी आम्ही वर्गात हाच प्रश्न विचारणार आहो. सर्वांस गीत रचिता येईल असे नाही. पण नाव विचारता येणार नाही, असा कोण आहे?