कोळसा, पोलाद आणि शेजारधर्म

झाँ मॉने यांनी लोकनियुक्त असे एकही पद कधी भूषविले नाही; तरीही पश्चिम युरोपातील सरहद्दींचा अर्थ पालटविणाऱ्या मोजक्या पुरुषांत त्यांची गणना करावी लागते.

फ्रान्समधील कोन्याक गावी १८८८ साली ब्रँडीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी ते जन्मले. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते व्यापार शिकण्यासाठी लंडनला गेले. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा ब्रिटन व फ्रान्स ही दोस्त राष्ट्रेच मालासाठी आणि जहाजांसाठी परस्परांशी स्पर्धा करीत होती. ही खरेदी एकत्रितपणे व्हावी, अशी सूचना घेऊन हा पंचविशीतील तरुण थेट पंतप्रधान व्हिव्हियानी यांना भेटला. पुढे तशी संयुक्त मंडळे स्थापन झाली. १९१९ मध्ये मॉने राष्ट्रसंघाचे उपसरचिटणीस झाले. एका राष्ट्राच्या नकाराने सर्वांचेच हात कसे बांधले जातात, हे त्यांनी तेथे पाहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. रूहरच्या कोळशावर जर्मनीचे सामर्थ्य उभे होते आणि फ्रान्सच्या पोलाद कारखान्यांनाही तोच कोळसा हवा होता. जर्मनीला जखडून ठेवावे, तर वैर धुमसत राहणार. मोकळे सोडावे, तर भय वाढणार. दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका स्वतंत्र संयुक्त अधिकारमंडळाखाली आणावे, हा मॉने यांनी काढलेला तोडगा. परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी ९ मे १९५० रोजी तो जाहीर केला. १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी करारावर सह्या केल्या. ब्रिटन दूर राहिले. मंडळाचे पहिले अध्यक्षपद अर्थातच मॉने यांच्याकडे आले.

१९५४ साली संयुक्त सैन्याची योजना फ्रान्सच्याच संसदेने फेटाळली. मॉने खचले नाहीत. पुढील वर्षी अध्यक्षपद सोडून त्यांनी राजकीय पक्षांची व कामगार संघटनांची कृती समिती उभारली. १९५७ च्या रोम करारांनी सामायिक बाजारपेठेचा मार्ग खुला झाला. १९७९ साली मॉने निवर्तले. पन्नास वर्षांच्या मुदतीचा मूळ करार २००२ मध्ये संपला, तेव्हा त्याचे कार्य युरोपीय संघात सामावले होते.

सामान्य मतदारापासून दूर असलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती सत्ता जाते, हा या रचनेवरील आक्षेप निराधार नाही. परंतु शेजाऱ्यांचे मनोमीलन होण्याची वाट पाहत सहकार्य अडवून धरू नये, हा धडा त्याने पुसला जात नाही. फ्रान्स व जर्मनी यांची मने जुळण्यापूर्वीच त्यांचे हिशेब जुळविण्यात आले. मने त्यानंतर जुळू लागली.