समजून घ्या : वणीच्या खाणीतील मेकॅनिकने लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल का वाचावे?

यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या कोळसा खाणी आहेत. तिथे डंपर किंवा शॉव्हेल बंद पडले की काम अडते. त्यामुळे आयटीआय झालेल्या तरुणाला प्रत्यक्ष यंत्रावर बिघाड शोधता येतो का, हे प्रमाणपत्राइतकेच महत्त्वाचे ठरते. हात काळे करून यंत्र शिकण्याची ही वाट शंभर वर्षांपूर्वी चाललेले नाव म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

ते यंत्रांकडे कसे वळले?
२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नसल्याने ते स्वप्न सुटले. मग त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि आजच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. फावला वेळ ते तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रांजवळ घालवत.

नोकरी का सोडली?
हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तिथे थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासोबत त्यांचे सायकल विक्री-दुरुस्तीचे दुकान होते. त्यातूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर लगेच खपला का?
नाही. लोखंडामुळे जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्यातच बेळगाव नगरपालिकेला जागा हवी असल्याने कारखाना हलवण्याची वेळ आली.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?
औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर वसाहत सुरू झाली. आसपासच्या गावांतील माणसे कामावरच काम शिकली. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि भट्टीचा कोळसा मिळेनासा झाला, तरी कारखाना तगला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आज त्याचा उपयोग काय?
यंत्रे बदलली, शिकण्याची रीत तीच आहे. इंजिन सुरू होत नसेल तर पार्ट बदलण्याआधी बॅटरी, डिझेल, फिल्टर आणि हवा क्रमाने तपासायची. बकेट उचलत नसेल तर आधी हायड्रॉलिक तेलाची पातळी, गळती आणि दाब पाहायचा. हा क्रम पाठ करून येत नाही, यंत्र उघडूनच हातात बसतो. म्हणून प्रशिक्षण निवडताना एकच प्रश्न आधी विचारावा : इथे यंत्र हाताळायला मिळेल का?