अंड्यात वाढलेला शत्रू

फ्लूची लस टोचण्यापूर्वी डॉक्टर अनेक वर्षे एक प्रश्न हमखास विचारत असत. अंडे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत नाही ना? तापाच्या लशीचा आणि अंड्याचा काय संबंध, असे वाटून आपण गोंधळून जात असू. तो संबंध जोडला एका अबोल, एकलकोंड्या ऑस्ट्रेलियन माणसाने. त्याचे नाव सर फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट.

बर्नेटचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातल्या ट्रारालगन या छोट्या गावी झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले बँक मॅनेजर. मुलगा बुजरा. मित्रांपेक्षा भुंगेरे गोळा करण्यात रमणारा. १९१७ मध्ये तो मेलबर्नला वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी जगभर इन्फ्लुएन्झाची महासाथ उसळली. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. ही साथ एका जिवाणूमुळे येते असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. त्या जिवाणूच्या लशीही टोचल्या गेल्या. शत्रूच चुकीचा ओळखला होता, मग फ्लू त्या लशींना कसा जुमानणार?

लशीची दुसरी, काळी बाजूही बर्नेटने लवकरच पाहिली. जानेवारी १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस टोचलेली बारा मुले दगावली. लशीच्या बाटलीत स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले होते, हे शोधून काढण्यात बर्नेटचा मोठा वाटा होता.

१९३२-३३ मध्ये तो लंडनला हॅम्पस्टेडच्या संशोधन संस्थेत होता. तिथेच १९३३ मध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातले पाणी फेरेटच्या नाकात सोडून फ्लूचा विषाणू पकडला. फेरेट हा दिसायला मुंगसासारखा प्राणी. पण लशीसाठी विषाणू भरपूर लागतो आणि तेवढे फेरेट पाळायचे कुठे? बर्नेटने तिथे अंड्यात विषाणू वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले आणि मेलबर्नला परतल्यावर फ्लूसाठी त्याचा पाठपुरावा केला. दहा-अकरा दिवस उबवलेले अंडे दिव्यासमोर धरायचे, पिलू जिवंत आहे याची खात्री करायची, कवचाला बारीक भोक पाडून सुईने विषाणूचा थेंब आत सोडायचा आणि भोक बंद करून अंडे पुन्हा उबेत ठेवायचे. दोन-तीन दिवसांत पिलाभोवतीच्या द्रवात विषाणूची बेसुमार वाढ होते. कोणत्याही बाजारात मिळणारी वस्तू प्रयोगशाळेचे भांडे बनली! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी झालेली फ्लूची लस अंड्यांतच वाढवलेली होती.

ती मृत विषाणूची लस होती. बर्नेटला मात्र सौम्य केलेला जिवंत विषाणू नाकात फवारायचा होता. ऑस्ट्रेलियन सैनिकांवर त्याने तो प्रयोग केला, पण निकाल निराशाजनक आला आणि त्याने तो नाद सोडला. कल्पना मात्र मेली नव्हती. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूसाठी नाकात फवारायची जिवंत लस काढली. तीही अंड्यांतच वाढवलेली.

फ्लू पुन्हा पुन्हा नवे रूप कसे घेतो, यावरही त्याने काम केले. दोन वाणांचे विषाणू एकाच अंड्यात घातले, तर त्यांच्या गुणांची सरमिसळ होऊन तिसराच वाण निपजतो, हे त्याने दाखवले. १९५७ आणि १९६८ च्या महासाथी पक्ष्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंच्या अशाच सरमिसळीतून आल्याचे पुढे सिद्ध झाले.

या थोर माणसाचे एक पान मात्र वाचवत नाही. १९४७ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन सरकारला एक गुप्त अहवाल दिला. आग्नेय आशियातल्या दाट वस्तीच्या देशांविरुद्ध जैविक अस्त्रे विकसित करावीत, असा सल्ला त्यात होता. मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी ती कागदपत्रे उजेडात आली. आयुष्यभर रोगाशी झुंजलेल्या माणसाच्या मनात हे यावे, याचे उत्तर त्याच्या चरित्रात तरी सापडत नाही.

१९५७ मध्ये त्याने आपली संस्था विषाणूंकडून रोगप्रतिकारशास्त्राकडे वळवली. जुने सहकारी दुखावले, काही सोडून गेले. १९६० मध्ये पीटर मेडावार यांच्यासह त्याला नोबेल मिळाले, तेही प्रतिकारशास्त्रासाठीच. पुढे १९७२ च्या एका पुस्तकात, संसर्गजन्य रोगांचे भविष्य फारसे रोमहर्षक असणार नाही, असे भाकीत त्याने केले. एड्स आणि कोविड यायचे होते!

३१ ऑगस्ट १९८५ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्याच्या एका शोधाचे फळ मात्र त्याला पाहायला मिळाले नाही. फ्लूचा विषाणू तांबड्या पेशींना चिकटतो आणि काही वेळाने आपोआप सुटतो, हे अमेरिकेत हर्स्ट यांना दिसले होते. पटकीच्या जंतूंतला एक पदार्थही पेशीवरची हीच पकड नाहीशी करतो, हे बर्नेटच्या प्रयोगशाळेत १९४६ च्या सुमारास उमगले. तो पदार्थ म्हणजे न्यूरामिनिडेज हे विकर. फ्लूच्या विषाणूकडे त्याची स्वतःची अशीच कात्री असते आणि तिच्या साहाय्याने नवे विषाणू पेशीतून सुटून पसरतात. ही कात्री बोथट करणारे रेलेन्झा हे औषध ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी घडवले. ते १९९९ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी आलेली टॅमीफ्लू हीदेखील त्याच कात्रीवर चालते. २००९ मध्ये पुण्यात लोक जिच्यासाठी रांगा लावत होते, ती हीच गोळी. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली, तर तिचा गुण सर्वाधिक येतो.