भिंतीवरच्या बैलांमागचे आयुष्य : चित्रकर्ती रोझा बॉनर

नांगराला जुंपलेले बैल, कुरणात रवंथ करणाऱ्या गाई, समुद्रकाठी विसावलेल्या मेंढ्या अशी चित्रे दिवाणखान्यात लावण्याची युरोप-अमेरिकेतील रीत जुनी आहे. आज त्यांच्या छापील प्रती कोणत्याही आकारात सहज मिळतात. सोफ्याच्या रंगाशी जुळते की नाही एवढे पाहून ती घेतली जातात आणि काही दिवसांतच भिंतीचा एक भाग होऊन जातात. ही रीत ज्या काळात मध्यमवर्गीय घरांत रुजली, त्या एकोणिसाव्या शतकात गुराढोरांच्या चित्रांसाठी सर्वांत अधिक नावाजलेल्या चित्रकारांमध्ये एक स्त्री होती. रोझा बॉनर हे तिचे नाव. छापील प्रतींनी तिला कीर्ती दिली, पैसा दिला आणि त्या काळच्या फार थोड्या स्त्रियांना लाभलेले स्वातंत्र्य दिले. पुढे तिचे नाव झाकोळले, त्यालाही हा घरोघरीचा परिचय काही अंशी कारण झाला.

रोझाचा जन्म १६ मार्च १८२२ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील रेमाँ बॉनर हे चित्रकार आणि चित्रकलेचे शिक्षक होते. आई सोफी पियानो शिकवीत असे. अक्षरओळखीचा रोझाला मनस्वी कंटाळा. तेव्हा आईने एक युक्ती काढली. प्रत्येक अक्षरासाठी त्या अक्षराने सुरू होणाऱ्या प्राण्याचे चित्र काढायचे. अशा रीतीने ही मुलगी वाचायला शिकली आणि अक्षर व प्राणी यांची सांगड तिच्या मनात कायमची बसली.

कुटुंब पॅरिसला आले आणि हलाखी सुरू झाली. वडील सँ-सिमोनच्या अनुयायांत सामील झाले. स्त्री-पुरुष समतेचा पुरस्कार करणारा हा पंथ होता. परंतु त्याच्या आश्रमात राहायला गेलेल्या वडिलांनी चार मुलांचा भार पत्नीवर टाकला. दिवसा शिकवण्या आणि रात्री शिवणकाम करून ती झिजली आणि १८३३ मध्ये वारली. रोझा तेव्हा अकरा वर्षांची होती. आईला स्वतंत्र थडगेही मिळाले नाही. गोरगरिबांच्या सामायिक खड्ड्यात तिला पुरण्यात आले. समतेचा विचार वडिलांकडून मिळाला आणि त्या विचाराच्या पोटी पैसा नसेल तर स्त्रीची काय अवस्था होते, हे आईच्या मरणाने दाखवले. रोझाच्या पुढील आयुष्यातील बहुतेक निर्णयांवर या दोन्ही गोष्टींची छाया आहे.

शाळांमध्ये ती टिकली नाही. शिवणकाम शिकायला ठेवले, तेथेही रमली नाही. अखेर वडिलांनी तिला स्वतःच्या चित्रशाळेत घेतले. ती लूव्र संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रांच्या नकला करू लागली. प्राणी काढायचा तर तो समोर हवा, या हट्टापायी सहाव्या मजल्यावरील बिऱ्हाडात एक मेंढी पाळली गेली. तिला चरायला नेण्यासाठी धाकटा भाऊ इझिदोर खांद्यावर घेऊन जिने उतरत असे. हा इझिदोर पुढे प्राण्यांची शिल्पे घडवणारा शिल्पकार झाला. ऑग्युस्त आणि ज्युलिएत ही दुसरी दोन भावंडेही चित्रकलेतच गेली.

बाहेरून दिसणारे रूप रोझाला पुरेसे वाटेना. कातडीखाली स्नायू कसा ताणला जातो, हाड कोठे वर येते, हे समजून घेण्यासाठी ती कत्तलखान्यात जाऊन बसू लागली आणि पशुवैद्यक विद्यालयात जनावरांचे विच्छेदन करू लागली. रक्तामांसाच्या त्या चिखलात, खाटकांच्या थट्टामस्करीत एका तरुण मुलीने वही घेऊन तासन् तास उभे राहायचे, हे सोपे नव्हते. आज जी चित्रे घराला शांतता देतात म्हणून निवडली जातात, त्यांच्या मुळाशी हा अभ्यास आहे.

१८४१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पॅरिसच्या वार्षिक शासकीय प्रदर्शनात, म्हणजे ‘सलाँ’मध्ये, तिची चित्रे प्रथम लागली. १८४८ मध्ये सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी सरकारने तीन हजार फ्रँकांना तिच्याकडे नांगरणीचे चित्र मागितले आणि १८४९ मध्ये ‘निवेर्नेची नांगरट’ लोकांसमोर आले. शरद ऋतूतील स्वच्छ ऊन, हिवाळ्यापूर्वीची पहिली नांगरट, एकामागे एक चाललेले दोन नांगर आणि प्रत्येकाला जुंपलेले सहा बैल. हे बैल वशिंड नसलेले, जाड मानेचे, पांढुरके आणि तांबूस. पण नुकतीच उलथलेली ओली ढेकळे आणि जुवाखाली वाकलेल्या माना कोणत्याही शेतकऱ्याच्या लेकराला परक्या वाटणार नाहीत. या चित्रात माणसांचे चेहरे जेमतेम दिसतात. सारा मान बैलांचा आहे. ते दमलेले आहेत, एकाच्या डोळ्यात किंचित आश्चर्य आहे. परंतु कोणालाही माणसासारखे भाव चिकटवलेले नाहीत. बैल हा बैलच राहतो आणि तेवढ्यावरच आदरास पात्र ठरतो. आज हे चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

त्याच १८४९ मध्ये वडील वारले. मुलींसाठी असलेल्या सरकारी चित्रशाळेचे संचालकपद रोझा बॉनर यांच्याकडे आले आणि त्यांनी ते सुमारे दहा वर्षे सांभाळले. या सुमारास त्या एका मोठ्या चित्राच्या तयारीत होत्या. दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, त्या पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन रेखाटने करीत. तेथे लुगड्याझग्यांचे काम नव्हते. स्त्रीने पुरुषी पोशाख घालायचा तर पोलिसांचा लेखी परवाना लागे आणि तो दर सहा महिन्यांनी नवा करून घ्यावा लागे. रोझा यांनी तो काढला, विजार आणि सदरा चढवला आणि दलालांच्या गर्दीत मिसळून गेल्या. समारंभांना मात्र त्या झगा घालूनच जात. ती विजार बंडाच्या निशाणापेक्षा कामाचा पोशाख होती.

१८५३ च्या सलाँमध्ये ‘घोडेबाजार’ झळकले. सुमारे आठ फूट उंच आणि साडेसोळा फूट रुंद अशा त्या पटावर उधळणारे, मागच्या पायांवर उभे राहणारे दणकट घोडे आहेत. जन्मगावाने, बोर्दोने, ते विकत घेण्याचे नाकारले. लंडनमधील कलाव्यापारी एर्नेस्ट गॅम्बार्ट याने मात्र चाळीस हजार फ्रँक मोजले. सरकारने नांगरटीच्या चित्राला दिलेल्या रकमेच्या तेरा पटींहून हा आकडा मोठा होता.

गॅम्बार्टचा खरा हिशेब छापील प्रतींचा होता. चित्र एकालाच विकता येते. छाप हजारोंना विकता येतो. १८५५ मध्ये त्याने ‘घोडेबाजार’ इंग्लंडला नेले, व्हिक्टोरिया राणीला दाखवले आणि मग गावोगावी फिरवले. लोक तिकीट काढून चित्र पाहत आणि तेथेच छापासाठी नाव नोंदवत. खोदकाम टॉमस लँडसिअर याने केले. प्रसिद्ध प्राणीचित्रकार एडविन लँडसिअर याचा तो भाऊ. त्याच्यासमोर ठेवण्यासाठी मूळ चित्राची लहान आवृत्ती करण्यात आली. ती आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अशा व्यवसायात सुरुवातीच्या निवडक छापांना चढी किंमत असे आणि नंतरचे छाप स्वस्त होत जात. त्यामुळे एकच चित्र सरदाराच्या वाड्यात आणि सामान्य दुकानदाराच्या बैठकीतही पोहोचे. राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्याने १८९४ नंतर आपल्याकडे जे घडवले, त्याच्याशी याचे नाते सहज ओळखू येईल. फरक एवढाच की लँडसिअरचा छाप काळ्या शाईचा होता. घरोघरी गेलेल्या त्या घोड्यांना रंग नव्हता. त्यांना तोलून धरत होते ते रोझा यांचे अचूक रेखाटन. कत्तलखान्यातील अभ्यासाचे चीज असे झाले.

या उत्पन्नावर रोझा यांनी फोंतेनब्लोच्या अरण्याजवळ, तोमेरी गावी, ‘बी’ नावाची हवेली विकत घेतली आणि १८६० पासून त्या तेथे राहू लागल्या. सोबत नाताली मिका आणि त्यांच्या आई होत्या. रोझा चौदा वर्षांच्या असताना आजारी नातालीचे व्यक्तिचित्र काढण्याच्या निमित्ताने दोन्ही घरांची ओळख झाली आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. रोझा यांनी लग्न केले नाही. आईच्या वाट्याला आले ते आपल्या वाट्याला येऊ नये, असा त्यांचा निश्चय असावा. नाताली स्वतः चित्रकार होत्या. घर, हिशेब आणि जनावरांची देखभाल त्या पाहत. अंगणात मेंढ्या, हरणे, घोडे, रानडुकरे आणि काही काळ सिंहही होते.

१८६५ मध्ये सम्राज्ञी युजेनी स्वतः या हवेलीत आल्या आणि त्यांनी रोझा यांना ‘लेजिओं द ऑनर’ हा सन्मान दिला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री चित्रकार होत. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या युवराजाने त्यांच्या घराला धक्का लागू नये असा आदेश दिला. एवढी कीर्ती असूनही मायदेशाशी असलेला त्यांचा कलासंबंध सैल होत गेला. त्यांची चित्रे थेट इंग्लंड-अमेरिकेत विकली जात. आपल्याकडे न दाखवणारी ही बाई इंग्रजच झाली, असा फ्रेंच समीक्षकांचा सूर होता. परदेशात नाव मिळवणाऱ्याला मायदेशात परके ठरवले जाणे, हा अनुभव स्थलांतरितांना नवा नाही. रोझा यांना तो देश न सोडताच आला. ‘घोडेबाजार’ही अटलांटिक ओलांडून गेले. १८८७ मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी ते विकत घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले आणि आजही ते तेथे पाहता येते.

१८८९ मध्ये नाताली वारल्या आणि हवेली सुनी झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या ‘बफेलो बिल’च्या तळावर रोझा यांनी अमेरिकन घोड्यांची आणि गव्यांची रेखाटने केली. १८९८ मध्ये ॲना क्लुम्पके ही तरुण अमेरिकन चित्रकर्ती त्यांचे व्यक्तिचित्र काढण्यासाठी आली आणि तेथेच राहिली. २५ मे १८९९ रोजी रोझा यांचे निधन झाले. सारी मालमत्ता त्यांनी ॲना यांच्या नावे केली होती. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत नाताली यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. आईला न मिळालेली स्वतःची जागा मुलीने अशी मिळवली.

नंतर अभिरुची बदलली. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे युग आले आणि दिवाणखान्यातील गुरे जुनाट ठरली. रोजच्या नजरेखालून जाणारी वस्तू कला म्हणून कोण पाहणार? १९७० नंतर स्त्री कलावंतांच्या इतिहासाचा शोध सुरू झाला, तेव्हा हे नाव पुन्हा वर आले. २०२२ मध्ये द्विशताब्दीनिमित्त बोर्दो आणि पॅरिस येथे मोठे प्रदर्शन भरले.

ही चित्रे आजही घरांसाठी छापली जातात आणि आता ती रंगीत असतात. ‘निवेर्नेची नांगरट’ उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे; चौकोनी चौकटीत बसवण्यासाठी त्याच्या कडा कापल्या की सहा बैल नाहीसे होतात आणि नांगरटीची लांबलचक चाल थांबते. प्रत घेणाऱ्याने ती पूर्ण घ्यावी, बारा बैल मोजून पाहावेत आणि मगच खिळा ठोकावा.